द्वारकाबाई आणि परसातला मांडव

डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठाने वसलेलं एक गाव होतं. त्या गावात दोन घरं अशी होती की त्यांच्या परसांच्या मधे फक्त मेंदीचं कुंपण होतं. कुंपणाच्या अलीकडे द्वारका राहायची, पलीकडे सगुणा.

द्वारकेच्या नवऱ्याचा धान्याचा मोठा व्यापार होता. घरात कशाला कमी नव्हतं. मागच्या वर्षी तिने मुलाचं लग्न केलं ते असं, की पंचक्रोशीत कोणी पाहिलं नव्हतं. शहरातून कनाती आणल्या, चकचकीत झालरी आणल्या, रंगीत कागदाच्या पताका तर ओढ्याच्या काठापर्यंत लावल्या. तीन दिवस जेवणावळी उठत होत्या. तेव्हापासून गावात कोणाचं लग्न ठरलं की बायका विहिरीवर म्हणायच्या, "लग्न करावं तर द्वारकाबाईंसारखं."

हे वाक्य द्वारकेला फार आवडायचं. ऐकू आलं नाही असं दाखवत ती घागर बुडवायची, आणि त्या दिवशी घागर तिला हलकी लागायची. एखाद्या दिवशी कोणी ते म्हटलंच नाही, तर ती स्वतःच लग्नाचा विषय काढायची.

सगुणेकडे असलं काही नव्हतं. ती विधवा होती. परसातल्या चार वाफ्यांत भाजी पिकवायची आणि बाजारात विकायची. घरात तिची मुलगी मैना आणि म्हातारे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आबांचं वय झालं होतं, पण मातीत हात घातला की अजून ते तरुण व्हायचे.

त्या वर्षी मैनेचं लग्न ठरलं. मुलगा ओढ्यापलीकडच्या गावातला विणकर, साधा आणि समंजस.

एका सकाळी मैना भाजी खुडता खुडता म्हणाली, "आई, लग्न आपण इथेच करू. या परसात. आणि सगळं आपल्या हातांनी."

"परसात? लोक काय म्हणतील?" सगुणा म्हणाली.

"म्हणू देत. मागच्या वर्षी द्वारकाकाकूंकडचं लग्न झाल्यावर पंधरा दिवस ओढा तुंबला होता, आठवतं ना? झालरी काय, पताका काय, सगळं दगडांत अडकलेलं. उरलेलं अन्न काठावर कुजलं. तेच पाणी आपण वाफ्यांना घातलं, आणि मेथी जळून गेली. माझ्या लग्नानंतर ओढ्याचं पाणी जसंच्या तसं राहिलं पाहिजे."

"हळू बोल," सगुणा म्हणाली.

पण कुंपणाअलीकडे द्वारका जास्वंदीची फुलं तोडत उभी होती. तिने शब्द न् शब्द ऐकला. तुंबलेला ओढा तिनेही तेव्हा पाहिला होता, पण तिच्या तोंडावर ते कोणी बोललं नव्हतं. फुलांची परडी घेऊन ती घरात गेली ती तरातरा. देवासमोर बसली, पण त्या दिवशी पूजेत मन लागलं नाही.

भाद्रपद होता. लग्न मार्गशीर्षात होतं. आबांनी दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली आणि भाजीच्या वाफ्यांच्या कडेने झेंडूची आणि शेवंतीची रोपं लावली. "माझ्या नातीच्या मांडवाला विकतचं फूल लागणार नाही," ते ज्याला त्याला सांगायचे.

मग एकेक गोष्ट जमत गेली. सुताराने स्वतःच्या बेटातले बांबू दिले. आजूबाजूच्या बायका डोंगरातून पळसाची पानं आणायच्या, आणि दुपारी सगुणेच्या परसात बसून, बांबूच्या बारीक काड्यांनी ती पानं टाचून पत्रावळी लावायच्या. मैनेने पांढरं सुती लुगडं डाळिंबाच्या साली आणि हळद उकळून स्वतः रंगवलं. दोरीवर वाळत घातलं तेव्हा येणारा-जाणारा थांबून बघायचा. आहेर नको, येताना मूठभर बी आणा, असं सगुणेने घरोघरी सांगितलं, आणि लोकांना त्याची भारी गंमत वाटली. कोणी भोपळ्याचं बी राखून ठेवलं, कोणी वालाचं.

रोज दुपारी पलीकडून गाणी ऐकू यायची, हसणं ऐकू यायचं. द्वारका खिडकी लावून घ्यायची. थोड्या वेळाने परत उघडायची आणि कुंपणाच्या फटीतून बघायची. ते बघवायचंही नाही, आणि न बघता राहवायचंही नाही.

विहिरीवरचं बोलणंही बदललं. "मैनेचं लग्न बघण्यासारखं होणार," एक बाई म्हणाली.

"बघण्यासारखं काय त्यात?" द्वारका म्हणाली. "पानांवर जेवायला घालणार म्हणे. ऐपत नाही, ती झाकायची एक रीत."

"ऐपतीचं कुठे काय, द्वारकाबाई? किती देखणं दिसतंय ते! मी तर माझ्या मुलीचंही असंच करणार आहे."

द्वारकेने भरलेली घागर उचलली आणि तडक घरची वाट धरली.

तिला एवढं का लागलं, हे गावात आता कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. द्वारकेचं स्वतःचं लग्न असंच परसात झालं होतं. तिचं माहेर गरीब. आई पत्रावळी लावून त्या विकायची आणि घर चालवायची. द्वारकेच्या लग्नातल्या पत्रावळी मायलेकींनी मिळून लावल्या होत्या. पण पंगतीत सासरच्या एका बाईने पत्रावळ वर उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "बघा हो, नव्या सुनेकडचा थाट! वरण मांडीवर गळतंय." सगळी पंगत हसली होती. द्वारकेची आई वाढपाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

या गोष्टीला तीस वर्षं झाली होती. मुलाच्या लग्नात द्वारकेने तो सगळा थाट केला तो त्या हसण्यावर पडदा टाकायला. आणि आता त्याच पानांचं, त्याच परसातल्या मांडवाचं गाव तोंड भरून कौतुक करत होतं. 'माझ्या वेळी हसले, आणि हिच्या वेळी देखणं!' हा एकच विचार तिच्या मनात दिवसभर फिरत राहायचा.

एकदा मैना स्वतः तिच्याकडे आली. "काकू, आमच्या पत्रावळी कडेला उसवतायत. तुम्हाला येतात का लावता? आबा म्हणत होते, तुमच्या माहेरी..."

"मला नाही येत," द्वारका म्हणाली. "आमच्याकडे हे असलं कधी नव्हतं."

मैना गेली.

लग्न दोन दिवसांवर आलं. मांडव उभा राहिला. बांबूंवर आंब्याच्या आणि जांभळाच्या डहाळ्या घातल्या. झेंडू असा फुलला होता की परसात पिवळ्याशिवाय दुसरा रंग दिसत नव्हता. मांडवाच्या कोपऱ्यात पत्रावळींच्या चळती रचून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी उन्हं कलताना घरातली आणि शेजारपाजारची सगळी माणसं ग्रामदेवतेला पहिली अक्षत द्यायला देवळात निघाली. सगळ्यांत मागे आबा होते. त्यांनी परसाचं फाटक ओढलं, कडी घातली, आणि नीट बसली की नाही ते हाताने ओढूनही पाहिलं. मग काठी टेकत ते देवळाच्या वाटेला लागले.

द्वारका कुंपणाआडून बघत होती. तिलाही बोलावणं होतं, पण डोकं दुखतंय म्हणून ती घरी राहिली होती.

परसात कोणी नव्हतं. ती वळसा घालून फाटकापाशी गेली. आधी तिला फक्त आत डोकावून मांडव बघायचा होता. तिने बघितला. तो खरोखरच सुंदर होता. तिच्या मुलाच्या मांडवापेक्षा सुंदर होता, आणि हे तिच्या मनाला कळलं तेव्हा तिला ते सोसवेना.

थोड्याच वेळात गावची गुरं डोंगरावरून याच गल्लीने परतणार होती.

द्वारकेने कडी काढली. फाटक बोटभर उघडं ठेवलं आणि घरी येऊन दार लावून घेतलं. 'चार फुलं जातील,' ती स्वतःशी म्हणाली. 'दुसरं काय होणार आहे?'

चार फुलांवर भागलं नाही. आधी शेळ्या घुसल्या, त्यांच्यामागून गायी, मग म्हशी. गुराखी लांब मागे होता, तो धावत येईपर्यंत झेंडूचे वाफे चिखल झाले होते. शेवंतीची बोडकी खोडं उरली होती. मांडवाच्या एका बाजूच्या डहाळ्या शेळ्यांनी ओरबाडून खाल्ल्या होत्या, आणि पत्रावळींच्या चळतींवरून म्हशी चालून गेल्या होत्या.

देवळातून माणसं परतली ती फाटकातच थांबली. मैना वाफ्यात खाली बसली आणि तुडवलेलं एक रोप सरळ करू लागली. ते उभं राहिना.

"फाटक उघडं कसं?" कोणीतरी विचारलं. "शेवटी कोण निघालं होतं?"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं.

"मी कडी लावली होती," आबा म्हणाले. "लावली होती ना? मला वाटतंय, लावली होती." त्यांनी हातातल्या काठीकडे बघितलं. "पण परवा मी काठीही विहिरीवर विसरलो. मलाच आता माझा भरवसा नाही."

"जाऊ दे आबा, वय झालं," सुतार समजुतीने म्हणाला. त्याला धीर द्यायचा होता, पण ते ऐकून आबांची मान खाली गेली ती परत वर आली नाही. ते परसाच्या कडेच्या गोठ्यात जाऊन गवताच्या पेंढीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हळद होती. मैनेने हळद लावायला पहिलं बोलावणं द्वारकेला पाठवलं. शेजारची मोठी सवाष्ण म्हणून तिचा मान होता.

द्वारका नवं लुगडं नेसून गेली. तिला वाटलं होतं, आज बरं वाटेल. मांडव अर्धा उघडा पडला होता, वाफे ओसाड होते, बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. गाणं कोणी म्हणत नव्हतं. एक बाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "काही म्हणा द्वारकाबाई, लग्न करावं तर तुमच्यासारखं. तुमच्याकडे असलं काही झालं नाही."

किती दिवसांनी तिला हे ऐकायला मिळालं होतं! पण ऐकताना तोंडात कडू काहीतरी आल्यासारखं वाटलं.

मैना पाटावर बसायला तयार नव्हती. "आबा आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही," ती म्हणाली.

सगुणा गोठ्याच्या दाराशी उभी राहून विनवत होती. "मामंजी, चला ना. कालपासून तुम्ही पाणीसुद्धा प्यायला नाहीत."

आतून आबांचा आवाज आला. "मला बोलवू नकोस, सूनबाई. उद्या अंतरपाट धरायला दुसऱ्या कोणाला तरी सांग. माझ्या हातून तोही सुटेल. लग्न पार पडलं की मी देवळाच्या ओवरीत जाऊन राहतो. एवढंसं काम माझ्यावर टाकलं होतंत, तेवढंही मला जमलं नाही."

द्वारकेच्या हातात हळदीची वाटी होती. समोर मैना तिच्याकडे बघत होती. गप्प राहिलं तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. तिला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. आणि एक म्हातारा माणूस, ज्याने तिचं कधी काही वाईट केलं नव्हतं, अंधाऱ्या गोठ्यात बसून स्वतःला निकामी समजत होता.

तिने वाटी खाली ठेवली.

"आबांनी कडी लावली होती," ती म्हणाली.

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या.

"लावली होती. मी बघितलं. मग मी ती काढली."

सगुणा गोठ्याच्या दारातून हळूहळू पुढे आली. "का?" तिने विचारलं.

"सगळं गाव तुझं कौतुक करत होतं. मला ते बघवेना."

एवढ्यात गोठ्यातून काठीचा आवाज आला. आबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या केसांत गवताच्या काड्या अडकल्या होत्या.

"पोरी, परत सांग. मी कडी लावली होती?"

"लावली होती, आबा. आणि ओढूनही पाहिली होतीत."

"ओढून पाहिली होती!" आबा म्हणाले. "हो! मला आठवत होतं ते! तरी मी म्हणत होतो!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्याच वेळी ते हसूही लागले. मांडवाचे बांबू आवळत असलेल्या सुतारापाशी जाऊन म्हणाले, "ऐकलंस का रे? ओढून पाहिली होती मी." मग मैनेपाशी जाऊन तेच सांगितलं. द्वारकेवर रागवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सगुणेच्या मात्र ते ध्यानात होतं.

"फुलं गेली ती मी विसरेन, द्वारकाबाई," ती म्हणाली. "पण काल सांजेपासून या माणसाचं तोंड मी बघतेय. ते विसरायला मला वेळ लागेल."

"लागू दे," द्वारका खाली बघत म्हणाली. "मी जाते."

ती फाटकापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात मैनेने हाक मारली. "काकू, उद्या सकाळी दीडशे माणूस येणार आहे. पत्रावळ एकही नाही."

द्वारका थांबली. तिने वळून अर्ध्या उघड्या मांडवाकडे बघितलं.

"पानं आणायला माणसं पाठव," ती म्हणाली. "मला लावता येतात. माझी आई त्याच विकून घर चालवायची."

हे वाक्य त्या गावात तिने पहिल्यांदाच उच्चारलं.

पानं आली. द्वारका नव्या लुगड्याचा पदर खोचून जमिनीवर बसली. तीस वर्षांत बोटं काही विसरली नव्हती. एक पान, त्यावर अर्धं पान, काडी आत, काडी बाहेर, आणि कडेला दुहेरी टाका. सुरुवातीला बायका तिच्यापासून हातभर लांब बसल्या. मग एकीने विचारलं, "तो कडेचा टाका कसा घातलात?" द्वारकेने दाखवला. दुसरी सरकून जवळ आली. उन्हं कलेपर्यंत दीडशेवर पत्रावळी झाल्या, आणि काड्या टोचून द्वारकेच्या बोटांतून रक्त येत होतं, पण ती उठली नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात झेंडू नव्हता. नवरा-नवरीचे हार तुळशीचे आणि गव्हाच्या हिरव्या पात्यांचे केले होते. अंतरपाट आबांनी धरला, आणि तो जराही हलला नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली.

मुलाकडची एक आत्या मांडवाकडे बघून म्हणाली, "काय हो, या बाजूला डहाळ्याच नाहीत?"

गावच्या माणसांच्या नजरा द्वारकेकडे वळल्या. ती वरणाचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"गुरांनाही आमंत्रण होतं," आबा म्हणाले. "ती जरा लवकर आली, आणि त्यांनी आधी जेवून घेतलं."

आत्या खळखळून हसली, आणि तिच्याबरोबर सगळा मांडव हसला. द्वारकेने आबांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत विड्याचं पान जमवत होते.

पंगतीमागून पंगती उठल्या. उष्ट्या पत्रावळी खताच्या खड्ड्यात गेल्या, उरलेला भात गोठ्यात गेला, हात धुतलेलं पाणी केळींच्या मुळाशी सोडलं. मुठी मुठी आणलेल्या बियांनी एक मोठं सूप भरलं, आणि त्यातलं अर्धं मैना सासरी घेऊन निघाली. दिवस मावळायच्या आत परस झाडून लख्ख झालं.

शेवटी वाढणाऱ्या बायकांची पंगत बसली. द्वारका बाजूला भांडी गोळा करत होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं, आणि आपण आपणहून बसावं असं तिला वाटत नव्हतं.

सगुणेने दोन पत्रावळी उचलल्या आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या.

"बसा," ती म्हणाली.

द्वारका बसली. सगुणा तिच्या शेजारी बसली. दोघींनी भात कालवला आणि जेवायला सुरुवात केली. एकमेकींशी हसून बोलायला त्यांना पुढे फाल्गुन उजाडावा लागला. पण त्या दिवशी दोघी एका पंगतीला जेवल्या, आणि सगळ्या गावाने ते पाहिलं.

ही गोष्ट ऐकणाऱ्याने एवढंच तात्पर्य घरी न्यावं: मत्सराने आपण एकावर नेम धरतो आणि घाव भलत्याच निरपराध माणसाला बसतो, तो घाव भरून काढायचा तर आपली चूक आपल्याच तोंडाने सांगावी, आणि मग मोडलेलं दुरुस्त करायला खाली बसावं.